शिवी काढा, सवाल ठेवा

गुहागर तालुक्यात हेदवीपासून शृंगारतळीपर्यंत फिरलात तर गावच्या जमातीचे, उर्दू शाळेचे, क्रिकेट क्लबचे, नाहीतर मुंबईतल्या गावमंडळाचे फेसबुक पेज बहुतेक ठिकाणी सापडेल. दहावीचा निकाल लागला की गुणवंतांचे फोटो, रमजानमध्ये सहरी-इफ्तारचे वेळापत्रक, कुणाच्या इंतकालची खबर, रक्तदान शिबिर, पावसाळ्यात कोसळलेल्या दरडीची सूचना, असे सगळे त्यावर येते. पेजवर काय टाकायचे याची चर्चा कमिटीच्या बैठकीत होते. कुणाचा फोटो आधी आणि कुणाचा नंतर यावरून रुसवेफुगवेही होतात. पण टाकलेल्या पोस्टखाली लोक जे लिहितात ते कोण वाचणार, त्यातले काय ठेवणार आणि काय काढणार, हा विषय कुठल्याही बैठकीच्या अजेंड्यावर मी पाहिलेला नाही.

हे काम कुणाकडे तरी असते, पण नेमून दिलेले नसते. ज्या मुलाने पेज उघडले, पासवर्ड त्याच्याकडे. तो बारावीत असतो, नाहीतर मुंब्र्याला राहतो, नाहीतर कुवेतला कामाला असतो. पोस्टखाली भांडण लागते तेव्हा तो झोपलेला असतो किंवा ड्युटीवर असतो. परिणाम मात्र गावात राहणाऱ्यांना भोगावे लागतात. पोलीस ठाण्यातून फोन येतो तो सदरसाहेबांना, आणि शेजारच्या वाडीतले लोक जाब विचारतात ते दुकानावर बसलेल्या माणसाला.

माझे म्हणणे थोडक्यात असे की संस्थेच्या पेजवरच्या कमेंट सांभाळणे हे संस्थेचेच काम आहे. ते लेखी नियमाने आणि जबाबदार माणसांनी करायला हवे, आणि त्या नियमाचा गाभा चार शब्दांत मावतो: शिवी काढा, सवाल ठेवा. आज अनेक ठिकाणी नेमके उलटे चालते. शिव्या तशाच राहतात आणि सवाल गायब होतात.

हा विषय क्षुल्लक वाटत असेल तर महाराष्ट्राचा गेल्या काही वर्षांचा अनुभव आठवून पाहा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. जून २०१४ मध्ये शिवाजी महाराज आणि ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर फिरली. ती कुणी टाकली याच्याशी काडीचा संबंध नसलेल्या, मूळच्या सोलापूरच्या एका मुस्लिम तरुणाला २ जूनच्या रात्री पुण्यात हडपसरला जमावाने ठार मारले. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातले सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्याच वर्षी ७ जूनला काही मुलांच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दंगल उसळली. तीन महिन्यांनी, १० सप्टेंबरच्या रात्री, सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त झाले आणि जमावाने मशिदीत शिरून एका तरुणाचा जीव घेतला.

या घटना कुठल्या संस्थेच्या पेजवरून घडल्या नव्हत्या, हे खरे. पण जो मजकूर तिथे ठिणगी ठरला, तशा मजकुराचे नमुने आपल्या संस्थांच्या पोस्टखाली आजही पडून आहेत. आपल्याच जिल्ह्यात मार्च २०२५ मध्ये राजापूरला शिमग्याच्या मिरवणुकीत मशिदीच्या दाराशी जो प्रकार झाला, त्याची चित्रफीत देशभर फिरली. मशिदीवर हल्ला झाल्याचा दावा पोलिसांनी नाकारला, आणि गोंधळ घालणाऱ्यांवर गुन्हेही नोंदवले. पण तोवर ज्यांनी कधी राजापूरची गंगा पाहिली नाही, माड म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही, असे लोक दोन्ही बाजूंनी हजारो कोसांवरून तावातावाने लिहीत होते. भांडण बाहेरचे आणि दार गावातले, अशी ही स्थिती असते.

या भीतीपोटी काही संस्थांनी कमेंटलाच कुलूप लावले आहे. फेसबुकवर तशी सोय आहे. कोण लिहू शकेल ते पेज चालवणाराच ठरवतो. मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या घरात आग लागून गेली आहे तो काडेपेटी लपवून ठेवणारच. पण कुलूप लावल्याने काय होते तेही बघितले पाहिजे. ज्या पालकाला शाळेच्या बसची वेळ विचारायची असते त्यालाही ते बंद. ज्या शेजाऱ्याला रक्तदान शिबिराबद्दल दोन बरे शब्द लिहायचे असतात त्यालाही ते बंद. राग असलेला माणूस मात्र अडत नाही. तो पोस्टचा स्क्रीनशॉट काढतो आणि आपल्या ग्रुपमध्ये मनाला येईल ते लिहितो. तिथे त्याला उत्तर द्यायला आपण नसतो.

दुसऱ्या संस्था उलट टोकाला जातात. पेज उघडले, आता लोक आणि त्यांचे नशीब. कायद्याने आपली जबाबदारी नाही, असा त्यांचा समज असतो. त्यासाठी एका निकालाचा आधारही दिला जातो. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव इथे एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये एका सदस्याने एका महिला सदस्याविरुद्ध घाणेरडी भाषा वापरली. ग्रुपच्या ॲडमिनने त्याला काढले नाही, माफी मागायलाही लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये ॲडमिनवरचा तो खटला रद्द केला. सदस्याने काय लिहावे हे ॲडमिन आधी रोखू शकत नाही, आणि दोघांचा संगनमताचा बेत दिसत नसेल तर एकाच्या गुन्ह्याबद्दल दुसऱ्याला शिक्षा देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही असाच निर्णय दिला.

निकाल योग्यच आहे. पण त्यातून काय निघते आणि काय निघत नाही, हे नीट वाचले पाहिजे. ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही, एवढेच त्यातून निघते. त्या महिलेचा अपमान सगळ्यांसमोर झाला आणि ग्रुप चालवणारा गप्प बसला, ही गोष्ट निकालाने पुसली जात नाही. शिवाय तो निकाल व्हॉट्सॲप ग्रुपचा होता. त्यानंतर व्हॉट्सॲपनेही ॲडमिनला इतरांचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोय दिली. फेसबुक पेज चालवणाऱ्याच्या हातात तर ती कधीपासून आहे. तो कमेंट काढू शकतो, झाकू शकतो, ठरावीक शब्द आपोआप अडवू शकतो. हातात झाडू असताना कचऱ्याकडे पाहत बसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी.

या बाबतीत फ्रान्समधला एक खटला आपण समजून घ्यावा, कारण त्यात कमेंट मुस्लिमांविरुद्धच्या होत्या. जुलियाँ सांशेज हे नीम शहरातले एक राजकीय नेते. २०११ मध्ये निवडणुकीच्या काळात त्यांनी आपल्या फेसबुक भिंतीवर एका प्रतिस्पर्ध्याबद्दल पोस्ट टाकली. तिच्याखाली दोन जणांनी शहरातल्या मुस्लिमांबद्दल द्वेषाने भरलेला मजकूर लिहिला. सांशेज यांनी स्वतः त्यातले काही लिहिले नव्हते. पुढे त्यांनी जपून लिहा असा एक संदेशही टाकला, पण आधीच्या कमेंट काढल्या नाहीत. फ्रेंच न्यायालयाने त्यांना दंड केला. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि १५ मे २०२३ रोजी तिथल्या मोठ्या पीठाने बहुमताने दंड कायम ठेवला. भिंत सगळ्यांसाठी उघडी ठेवणाऱ्याने, विशेषतः नेत्याने, तिच्याकडे लक्ष द्यायला हवे होते, असा त्याचा आशय.

तो कायदा आपल्याकडे लागू नाही. पण नीमच्या मुस्लिमांना मिळालेला हा न्याय आपल्याला पटत असेल, तर तोच नियम आपल्या पेजला लावायला आपण तयार असले पाहिजे. आपल्या जमातीच्या पोस्टखाली आपलाच कुणी पोरगा दुसऱ्याच्या देवाबद्दल वेडेवाकडे लिहीत असेल, तर ‘ते त्याचे वैयक्तिक मत आहे’ असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्याच्याकडे स्क्रीनशॉट पोहोचतो तो वर संस्थेचे नाव वाचतो. लिहिणारा कुठला, त्याचा संस्थेशी संबंध काय, हे शोधायला तो बसत नाही.

आता मुख्य प्रश्न. काढायचे काय? इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण ‘आक्षेपार्ह’ हा शब्द फार ढिला आहे. कुणालाही कशावरही आक्षेप असू शकतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिकवणाऱ्या एका काश्मिरी प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला होता. कलम ३७० हटवल्याचा त्याने निषेध केला होता आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. न्यायालयाने लावलेली कसोटी आपल्या कामाची आहे. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या मनावर काय होतो यावरून. ज्याला जिथे तिथे धोकाच दिसतो अशा कमकुवत मनाच्या माणसाचे माप धरायचे नाही. पेज सांभाळणाऱ्याने हीच कसोटी लावावी. मला राग आला, हे कमेंट काढण्याचे कारण होऊ शकत नाही.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. गौरी-गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा एखाद्या मुस्लिम क्लबने रस्त्यावर पाणी आणि चहाची सोय केली आणि पेजवर फोटो टाकून शुभेच्छा दिल्या, असे समजा. खाली काय काय येऊ शकते ते आपल्याला पाठ आहे. कुणी लिहितो, शुभेच्छा देणे दीनमध्ये बसत नाही. हे मत आहे. पटो न पटो, ते ठेवावे, आणि जाणकाराने सभ्यपणे उत्तर द्यावे. दुसरा लिहितो, अमुक सेक्रेटरी मुनाफिक आहे. हा नाव घेऊन एका माणसाच्या इमानावर केलेला हल्ला आहे, तो काढावा. तिसरा लिहितो, आधी वंदे मातरम म्हणा मग चहा पाजा. हा टोमणा आहे. ठेवला तरी आभाळ कोसळत नाही, उत्तर दिले नाही तरी चालते. चौथा लिहितो, पंक्चरवाल्यांचा चहा नको. आणि त्याला आपला एक जण उत्तर देतो, मग गोमूत्र प्या. ही दोन्ही एकाच वेळी काढावीत. आपल्या माणसाचे ठेवून दुसऱ्याचे काढले तर त्याला पक्षपात म्हणतात, आणि तो लोकांच्या लगेच लक्षात येतो. मी तर म्हणेन, हात आधी आपल्या माणसाच्या कमेंटला लावा. त्याला फोन करून सांगता येते, तो आपला भाचा-पुतण्या असतो.

ही निवड यंत्रावर सोपवता येत नाही. भाषा शिकवणारा म्हणून हे मला रोज दिसते. पेजला ठरावीक शब्द अडवायला सांगता येतात, पण ‘पंक्चर’ हा शब्द कसा अडवणार? ‘शांतिदूत’ हा शब्द कसा अडवणार? साधे, निरुपद्रवी शब्द आहेत, पण आपल्याला उद्देशून लिहिले की शिवी होतात. ‘अब्दुल’ हे तर कुणाचे तरी नाव आहे. उलट आपल्या कोकणात ‘मेल्या, घरी कधी येतोस?’ हे प्रेमाने विचारलेले असते. एखादा आजोबा नातवाच्या निकालाखाली असे काही लिहून जातो की परक्याला वाटावे भांडण लागले. वर आपले लोक लिहितात कधी मराठीत, कधी उर्दूत, कधी कोकणी बोलीत, आणि हे सगळे बहुधा इंग्रजी अक्षरांत. यंत्राला त्यातले किती कळणार? इथे वाडीतली बोली जाणणारा माणूसच लागतो.

मुलींच्या फोटोंबद्दल वेगळे लिहायला हवे. दहावीत पहिली आलेल्या मुलीचा फोटो पेजवर येतो आणि खाली अभिनंदनाच्या गर्दीत एक जण तिची ओढणी कुठे आहे ते विचारतो, दुसरा तिच्या दिसण्याबद्दल लिहितो. पहिला स्वतःला नेक समजतो, दुसरा टवाळ आहे, पण त्या मुलीच्या बापावर दोघांचा परिणाम एकच होतो. तो शाळेत येऊन सांगतो, फोटो काढून टाका. पुढच्या वर्षी संस्था ठरवते की मुलींचे फोटो नकोतच. मग निकालाच्या पोस्टवर फक्त मुलगे दिसतात, पहिला नंबर मुलीचा असला तरी. दोन कमेंटनी एका पिढीच्या मुलींना भिंतीवरून पुसले, आणि कमेंट मात्र शाबूत राहिल्या. माझ्या मते मुलींच्या आणि शिक्षिकांच्या पेहरावावर किंवा रूपावर लिहिलेली कमेंट, ती कितीही धार्मिक शब्दांत असो, दिसताच काढावी. यावर चर्चा नको. ज्याला उपदेशाची तळमळ आहे त्याने आपल्या घरातल्या मुलींच्या फीची तजवीज करावी.

आता सवालांकडे येऊ. इथे आपल्या संस्थांचे वागणे मला जास्त खटकते. पोस्टखाली कुणी विचारतो, मागच्या वर्षी बोअरवेलसाठी चंदा जमला त्याचे काय झाले? शिक्षकभरतीची जाहिरात कधी निघाली? निवडणूक किती वर्षे झाली नाही? ही कमेंट तासाभरात गायब होते. शिवी आठवडाभर पडून राहते, कारण ती कमिटीला लागत नाही. सवाल लागतो. आणि काढल्यावर कारण दिले जाते, फितना नको. फितना हा फार मोठा शब्द आहे. हिशेब मागणाऱ्याला तो लावणे हा त्या शब्दावरही अन्याय आहे.

आपल्या बहुतेक शिक्षणसंस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. मशिदी आणि त्यांच्या मालमत्ता वक्फकडे असतात. या सगळ्यांना हिशेब ठेवावा लागतो, तपासून घ्यावा लागतो आणि वर सादर करावा लागतो. म्हणजे जो प्रश्न धर्मादाय आयुक्त किंवा वक्फ मंडळ विचारू शकते, तोच चंदा देणाऱ्याने पेजवर विचारला तर त्यात उद्धटपणा कुठला? चंदा ही अमानत आहे हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. अमानतीचा हिशेब विचारणाऱ्याची कमेंट ठेवावी आणि तिच्याखाली सेक्रेटरीने चार ओळींत उत्तर द्यावे. हिशेब तयार नसेल तर अमुक तारखेला देतो असे लिहावे. एवढ्याने निम्मी भांडणे मिटतात. कमेंट काढली की तोच माणूस दुसऱ्या दिवशी दहा ग्रुपमध्ये तीच गोष्ट तिखट-मीठ लावून लिहितो, आणि आता त्याच्याकडे जादा पुरावा असतो की यांनी माझे तोंड बंद केले.

प्रश्न विचारणारा कधी कधी खोडसाळ असतो, दोन गटांच्या वादात मुद्दाम विचारतो, हे मला माहीत आहे. तरी सवाल ठेवावा. विचारणाऱ्याची नियत अल्लाह जाणे, उत्तर बाकीचे दोनशे लोक वाचत असतात. मात्र सवालाच्या नावाखाली ‘अमुक माणसाने इतके पैसे खाल्ले’ असा पुराव्याशिवाय आरोप असेल तर तो सवाल नाही. त्याला सांगावे की आरोप काढ, प्रश्न लिही. फरक बहुतेकांना कळतो.

कमेंट काढणे आणि माणसाला ब्लॉक करणे यांतही फरक करायला हवा. अमेरिकेत पोर्ट ह्युरॉन या शहराच्या व्यवस्थापकाने करोनाकाळात टीका करणाऱ्या एका नागरिकाच्या कमेंट आपल्या फेसबुक पानावरून काढल्या आणि नंतर त्याला ब्लॉक केले. हे प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च २०२४ च्या निकालात न्यायालयाने मुख्यतः हे ठरवून दिले की अधिकारी सरकारच्या वतीने कधी बोलतो आणि स्वतःच्या वतीने कधी. पण त्यात एक बारीक मुद्दा आहे. कमेंट काढली तर त्या एका पोस्टपुरता विचार करता येतो. ब्लॉक केले तर माणूस सगळ्याच पोस्टपासून तुटतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या नावाने पेज चालवणाऱ्यांनी हा मुद्दा जरूर लक्षात घ्यावा.

कोकणात या तुटण्याला जुना शब्द आहे, वाळीत टाकणे. आपल्या भागात, विशेषतः रायगडात, वाळीत टाकण्याची प्रकरणे इतकी गाजली की महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. पेजवरून ब्लॉक करणे त्या कायद्यात बसते असे मी म्हणत नाही. पण जमातीच्या पेजवर जनाजाची वेळ कळते, पाणी कधी येणार ते कळते, शिष्यवृत्तीच्या फॉर्मची तारीख कळते. त्यावरून गावातल्याच माणसाला उडवले, तर त्याला त्याची जागा दाखवल्यासारखे होते, आणि शिक्षा त्याच्या घरातल्या सगळ्यांना होते. खोट्या नावाने आलेल्या बाहेरच्या शिवीबाजाला खुशाल ब्लॉक करावे. गावातल्या माणसाच्या बाबतीत दोनदा समज द्यावी, मग काही दिवसांपुरते थांबवावे, आणि कमिटीच्या नोंदीशिवाय कायमचे काही करू नये.

काही साध्या गोष्टी आहेत, त्या आजपासून करता येतील. पेजची जबाबदारी एकट्या पोराकडे न ठेवता तिघांकडे द्यावी. त्यातला निदान एक जण गावात राहणारा असावा आणि एक बाई असावी. शाळेत शिक्षिका असतातच. पाच-सहा ओळींचे नियम मराठीत आणि उर्दूत लिहून पेजच्या वर लावावेत. कमेंट काढण्याआधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवावा. उद्या तक्रार झाली तर काय लिहिले होते आणि आपण केव्हा काढले, हे दोन्ही दाखवता येते. दंगलीची चिथावणी किंवा मारण्याची धमकी असेल तर नुसते काढून गप्प बसू नये, पोलिसांना कळवावे. धर्माधर्मांत वैर पसरवणे आणि धार्मिक भावना मुद्दाम दुखावणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ आणि २९९ खाली गुन्हे आहेत, आणि ते दोन्ही बाजूंना सारखेच लागू आहेत. वातावरण तापलेले असेल तेव्हा रात्रीपुरत्या कमेंट बंद ठेवायला हरकत नाही. सकाळी मात्र उघडाव्यात.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. फेसबुकवर कमेंट ‘हाइड’ केली तर ती आपल्याला नाहीशी झाल्यासारखी वाटते, पण लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना ती दिसतच राहते. शिवीगाळ हाइड करून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. काढायची तर डिलीटच करावी.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल. तुम्ही अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य मागता आणि दुसऱ्याच्या कमेंट काढायला सांगता, हे कसे? पालघरच्या त्या दोन मुलींवर ज्या कलम ६६अ चा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. त्या निकालाचा आनंद मला आजही आहे. पण तिथे राज्य एका नागरिकाला तुरुंगात टाकत होते. इथे संस्था आपल्या ओटीवर कसे बोलावे ते ठरवते आहे. ज्याला शिवी द्यायची आहे त्याला त्याचे स्वतःचे खाते आहे, तिथे त्याने आपल्या जबाबदारीवर लिहावे. संस्थेच्या ओटीवर मात्र शाळेतली मुले, त्यांच्या आया आणि शेजारच्या वाडीतले लोक येतात. त्यांना तिथे बसता आले पाहिजे, हाच तर पेज उघडण्याचा हेतू होता.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच असतो. बाहेर आपल्याविरुद्ध एवढे लिहिले जाते, त्याला कुणी हात लावत नाही, मग आपणच का सोज्वळ राहायचे? या रागाचे कारण मला कळते. पुसेसावळीची बातमी वाचून ज्याचे रक्त तापले नाही असा कोण आहे? पण त्या बातमीतूनच शिकायचे तर हे शिकावे लागते की बेफाम शब्दाची किंमत तो लिहिणाराच मोजतो असे नाही. हडपसरच्या त्या तरुणाने कधी काही लिहिले नव्हते. आपल्या पेजवरच्या एका बेफाम ओळीची किंमत उद्या बाजारात भाजीला गेलेला कुणीतरी मोजेल, याचा विचार पेज सांभाळणाऱ्याला करावाच लागतो.

कमेंट काढताना माणसाशी कसे वागावे याबद्दल हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्या काळातला एक प्रसंग आपल्या मदरशात लहान मुलांनाही शिकवतात. एका खेडूत माणसाने मशिदीतच लघवी केली. लोक त्याच्या अंगावर धावले. पैगंबरांनी त्यांना थांबवले, त्याचे होऊ दिले, त्या जागेवर पाण्याची बादली ओतायला सांगितली आणि मग त्या माणसाला शांतपणे समजावले की मशीद कशासाठी असते. जागा त्याच वेळी स्वच्छ झाली आणि माणूसही तुटला नाही. आपण बहुतेकदा माणसाच्या अंगावर धावतो आणि जागा तशीच ठेवतो.

शैक्षणिक वर्ष सुरू होताना बहुतेक संस्थांच्या बैठका होतात. गणवेश, पाण्याची टाकी, शिक्षकांच्या रिकाम्या जागा, हे विषय असतातच. त्यात या वेळी एक विषय वाढवावा: संस्थेच्या पेजवरच्या कमेंट कोण वाचणार. तीन नावे ठरवून इतिवृत्तात लिहावीत, आणि त्याच बैठकीत मागच्या वर्षी काढून टाकलेल्या हिशेबाच्या सवालाचे उत्तरही तयार करून पेजवर टाकावे.